नामुकम्मल तजुर्बा

१

चांदी दोन गुंजा कमी भरली.

बद्रीनाथ मास्तरांनी वजनं उतरवली, पुन्हा चढवली आणि काट्याची पितळी मूठ पुन्हा फिरवली. दांडी सुटली, सुई डोलली आणि आधीच्याच जागी येऊन थांबली. तुकडा पाच तोळ्यांचा, आणि दोन गुंजा गायब.

"झालं का समाधान?" अर्जुनराव देशमुख म्हणाले. "आता तरी म्हणा, पोरगं चोर हाय."

बीडच्या सरकारी शाळेत विज्ञानाची ही एकच खोली. कागदोपत्री तिचं उर्दू नाव तजुर्बागाह, म्हणजे प्रयोगशाळा. पोरांच्या तोंडी काचेची खोली. निजाम सरकारच्या मेहेरबानीनं तिला हैदराबादेहून एक विलायती काटा मिळाला होता. तो काचेच्या पेटीत उंच मेजावर बसायचा आणि त्याचा मान हेडमास्तरांच्या खुर्चीपेक्षा मोठा होता. डाव्या पारड्यात वस्तू, उजव्यात वजनं, ही बद्रीनाथांची शिस्त. ती मोडली की पोराचा कान लाल झालाच म्हणून समजा. मनानं माणूस लोण्यासारखा, पण जीभ निखाऱ्याची.

चांदीचा तुकडा देशमुखांच्या देणगीचा. आजीचे तोडे आटवून पोरांच्या तजुर्ब्यासाठी दिला होता म्हणे. दिला एकदाच, पण सांगणं अजून चालूच होतं. कचेरीत, बाजारात, लग्नाच्या पंगतीत, जिथं चार माणसं दिसतील तिथं.

सकाळी पोरांनी तजुर्ब्याच्या वह्या जमा केल्या. वर्गातल्या सगळ्यांनी चांदीचं वजन पुरे पाच तोळे लिहिलं होतं. एकानंच दोन गुंजा कमी लिहिलं. सुग्रीव, मेंढरं राखणाऱ्या धुळाजीचा पोरगा. चांदी शेवटी त्यानंच तोललेली, तीही खोलीत एकट्यानं. देशमुख आपल्या मोहनच्या कामासाठी शाळेत आले होते. हेडमास्तरांच्या मेजावर ती वही त्यांच्या नजरेला पडली आणि तिथून हा सगळा तमाशा.

"दोन गुंजांसाठी एवढा आवाज, देशमुख?" बद्रीनाथ म्हणाले.

"सवाल गुंजांचा न्हाई, मास्तर. नियतीचा हाय. धनगराच्या पोराला चांदीपाशी एकटं सोडायचं म्हंजी काय करायचं?"

बद्रीनाथांच्या तोंडापर्यंत एक अस्सल शिवी आली. हेडमास्तर हमीदुद्दीन साहेब मधे बोलले म्हणून ती परत गेली. हे हैदराबादचे, पांढऱ्या दाढीचे, आवाज कधी चढवत नसत. आज तो नेहमीपेक्षाही खाली गेला होता.

"मास्टर साहब, काटा विलायती है. झूट नहीं बोलता. कल जुम्मे की छुट्टी. सनीचर की सुबह तक आप कुछ और दिखा सके तो दिखाओ. नहीं तो लडके का नाम कटेगा."

चोरीसाठी नाव कापलेल्या पोराला निजामाच्या मुलखातली कुठलीच शाळा दारात उभी करणार नव्हती. मॅट्रिक राहिली बाजूला, सुग्रीवला पुन्हा काठी घेऊन मेंढरांमागंच जावं लागलं असतं.

पेटीच्या काचेवर झेंडूची एक वाळकी पाकळी पडली होती. दसरा नुकताच झालेला, गावभर असल्या पाकळ्यांचा कचरा. बद्रीनाथांनी रागानं ती फुंकून उडवली आणि चांदी खिशात घातली.

सुग्रीव दाराबाहेर पायरीवर बसला होता. मास्तर दिसताच उठला.

"खरं सांग बे. काय केलंस?"

"जे दिसलं ते लिवलं, गुरुजी."

"आणि दुसरं काही?"

पोरानं खाली बघितलं. दुसरं काहीतरी होतं, पण ते त्याच्या ओठावर आलं नाही.

२

घरी आल्यावर बद्रीनाथांनी वह्यांचा ढीग ओसरीवर मांडला. रागावलेला माणूस एकतर भांडतो नाहीतर काम करतो, आणि भांडायला समोर कोणी नव्हतं.

वह्या तपासण्याची त्यांची रीत ठरलेली. बरोबर-चूक मागून, आधी सगळं आहे का ते बघायचं. तारीख, मकसद, सामान, आकृती, रीत, काय दिसलं, हिशेब, नतीजा, आणि शेवटी एहतियात, म्हणजे तजुर्बा करताना काय काळजी घेतली ते. हे सगळं उर्दूत. पोरं घरात मराठी बोलायची, शाळेत उर्दू लिहायची आणि दोन्हीकडं शिव्या खायची. एखादा भाग राहिला असेल तर मास्तर वर लाल शाईनं 'नामुकम्मल' लिहायचे. अपुरं. मग ती वही परत.

एक सोडून सगळ्या वह्या मुकम्मल, म्हणजे पुऱ्या, निघाल्या. मोहन देशमुखाची तर अशी की नजर लागावी. एहतियातीतली पहिली ओळ ह्या सगळ्यांकडं होती, 'तोलण्याआधी रिकामा काटा सोडून पाहिला, सुई मधे उभी होती.'

सुग्रीवच्या वहीत ती ओळ नव्हती. नतीजाची जागाही कोरी. खाली फक्त लिहिलं होतं, 'वजन कमी का आलं ते समजलं नाही.' आणि आकृतीत उजव्या पारड्याखाली शाईचा एक डाग पडलेला. बद्रीनाथांनी सकाळीच त्या डागाभोवती लाल गोल काढला होता आणि बाजूला 'गबाळेपणा', वर 'नामुकम्मल' असं ठोकून दिलं होतं.

आता मात्र ते आकृतीकडं बघत राहिले. सुग्रीवच्या डाव्या पारड्याच्या कडीला दोरा बांधलेला होता. खऱ्या काट्याची कडी पावसाळ्यात तुटली होती आणि त्यांनीच ती रेशमाच्या दोऱ्यानं बांधली होती. त्यांनी मोहनची वही ओढली. दोरा नाही. दुसरी ओढली, तिसरी ओढली. सगळ्यांचा काटा धडधाकट, किताबातल्या चित्रासारखा.

"हरामखोर," ते स्वतःशी म्हणाले. "काट्याकडं एकानंही बघितलं न्हाई."

मग खिशातून चांदी काढली आणि उन्हात धरली. तुकडा चहूबाजूंनी सारखा काळवंडलेला. कानस फिरवली असती तर तेवढी जागा आरशासारखी लखलखली असती. कुठं एक ओरखडा नव्हता.

म्हणजे चांदी कोणी खरवडलीच नव्हती. आणि दसऱ्याच्या सुट्टीआधी त्यांनी स्वतःच्या हातानं ती तोलली होती तेव्हा पुरी पाच तोळे भरली होती.

"बद्री, भाकर गार व्हायलीय," तुळजाबाई आतून ताट घेऊन आल्या. बद्रीनाथांची आई. म्हातारी ठेंगणी, कपाळभर कुंकू, चालताना घरातल्या खांबाशी बोलणारी. "कावून चेहरा असा केलास?"

त्यांनी सांगितलं. ऐकता ऐकता तुळजाबाईंचा हात वाटीवरच राहिला.

"मंग त्या पोराचं नाव कमी करतेत व्हय?"

"करतेत."

"लई गुणाचं लेकरू हाय. मागं माझी घागर विहिरीवरून आणून दिलती त्यानं." मग थोडं थांबून, "तुझा काटा तर नीट हाय ना रे?"

"काट्यातलं तुला काय कळतं, माय! तू कालवण वाढ."

तुळजाबाईंनी कालवण वाढलं. आत जाताना खांबाशीही बोलल्या नाहीत. ही गोष्ट वेगळी होती, पण बद्रीनाथांचं लक्ष तेव्हा वह्यांत होतं.

३

मोहन देशमुख शाळेमागच्या चिंचेखाली सापडला. गोरा, गुबगुबीत, बापाच्या आवाजाला स्वतःच घाबरणारा पोरगा.

"काय मोहनराव, चांदी कशी तोललीत?"

"जी, तोलली गुरुजी. पुरे पाच तोळे."

"रिकामा काटा सोडून बघितलात?"

"जी. सुई मधे होती."

"डाव्या पारड्याची कडी कशाची हाय?"

मोहन अंदाजानं म्हणाला, "पितळेची?"

"जा, खेळा."

पोरगा पळाला. बद्रीनाथांना राग यायला हवा होता, पण हसू आलं. घाबरट होता, दुष्ट नव्हता. बापाचा तुकडा तोलताना हातून काही मोडलं तर घरी चामडी सोलली जाईल, म्हणून त्यानं काट्याला हातच लावला नसणार. त्याच्यावरून बाकीच्यांनी उतरवलं असणार. पण एवढ्यानं सुग्रीव सुटत नव्हता. मोहननं नक्कल केली हे खरं, तरी चांदी कमी भरते हेही तितकंच खरं. हेडमास्तरांनी स्वतः सुई पाहिली होती.

धोंडीराम शिपाई पाण्याचा रांजण घासत होता. काचेच्या खोलीची किल्ली त्याच्याच कमरेला.

"धोंडीराम, सुट्टीत खोली उघडलीतीस का?"

"न्हाई, मास्तरसायेब."

"एकदाबी?"

"म्या कावून उघडू? शाळा बंद, खोली बंद." रांजण आधीच लख्ख झाला होता, तरी तो घासतच राहिला.

"खाली बघून कावून बोलायलास?"

"रांजण खालीच हाय ना."

बद्रीनाथ उकिडवे बसले, अगदी त्याच्या तोंडासमोर. "हे बघ. सुट्टीआधी काटा बरोबर होता. सुट्टीनंतर बिघडला. मधी किल्ली तुझ्याकडं. मी काही बोललो न्हाई तर शनिवारी एक गरीब पोरगं उठतंय शाळेतून. बोललो तर तू उठतोस. आता तूच सांग."

धोंडीरामचे डोळे पाण्यानं भरले. पन्नाशीचा माणूस, मिशा पांढऱ्या, रडताना लहान दिसला.

"उघडलीती."

"कोणासाठी?"

"ते इचारू नगा. मला शपथ घातलीय."

"कोणी?"

"नोकरी घ्या माझी. नाव न्हाई सांगनार." आणि हातातला काथ्या टाकून तो निघून गेला.

४

जुम्म्याच्या सुट्टीला धुळाजीची मेंढरं तेलगावच्या वाटेवर एका शेतात बसवली होती. ऊन चढलेलं, शेतात लेंड्यांचा वास. सुग्रीवची आई दगडाबाई काटक्यांच्या आडोशाला चुलीवर दूध तापवत होती. मास्तरांना बघताच तिनं पदर डोक्यावर घेतला आणि घोंगडी झटकून अंथरली.

"बसा गुरुजी. सुग्रीवचे बाप पाण्यावर गेलेत मेंढरं घिऊन. पोरगं तिकडंच हाय. राती जेवला न्हाई."

"त्यानं काही सांगितलं का?"

"सांगतंय व्हय! लहानपनापासून असंच हाय ते. दिसलं तेवढं बोलतंय, उरलेलं गिळतंय." तिनं दुधावरची काडी बाजूला केली. "गुरुजी, आमी मेंढरं चोरीला गेलेली बघितलीत, पर दुसऱ्याचं कदी आणलं न्हाई."

"मला ठावं हाय, बाई. म्हणून तर आलो."

ती थोडी सैल झाली. दुधाचा पेला पुढं ठेवला. बद्रीनाथांनी तो घेतला आणि इकडंतिकडं बघितलं. पालाच्या काठीला एक झोळी बांधलेली होती. तिच्यात लहान पोर झोपलं असावं असं वाटलं, पण झोळीत बाजरीची पेंढी कोंबून ठेवली होती.

"झोळीत पेंढी कावून घातलीय?"

"धाकटी मामाकडं गेलीय नव्हं. मंग रिकामी झोळी वाऱ्यानं हलंल की!" तिनं बद्रीनाथांकडं असं बघितलं जसं शिकलेल्या माणसाला एवढंही कळू नये. "सुग्रीवच्या आदी दोन गेली माझी. तवा माझ्या सासूनं सांगितलं, रिकामा पाळना वाऱ्यालाबी हलू द्यायचा न्हाई. तवापासून दगड म्हना, पेंढी म्हना, काय तरी ठेवतेच मी."

बद्रीनाथांचा पेला तोंडाशीच थांबला.

"बाई, सुग्रीवनं तुम्हाला काट्याचं काही इचारलंतं?"

"इचारलं की. म्हनला, आये, गुरुजी म्हनतेत रिकामा काटा सोडून डोलू द्यायचा, मंग तोलायचं. म्या म्हनलं, त्याचीबी दोन पारडी लोंबतेत ना? मंग पाळन्यावानीच की ते. रिकामं नगं डोलवूस, बाबा. भरल्यावर सोड." मग ती एकदम घाबरली. "त्यात काय चुकलं का, गुरुजी? म्या म्हनलं, गुरुजीला इचार. तर म्हनला, न्हाई इचारणार. गुरुजी अशाला खुळचट म्हनतेत. पोरांसमोर हसतेत."

बद्रीनाथांनी दूध खाली ठेवलं. ते तसे हसले होते, आणि एकदा नाही. मांजर आडवी गेली म्हणून उशिरा आलेल्या पोराला त्यांनी आख्ख्या वर्गासमोर मांजर बनवून चालवलं होतं. वर्ग पोट धरून हसला होता आणि सुग्रीव पहिल्या रांगेत बसून बघत होता.

५

परतीच्या वाटेवर बद्रीनाथ स्वतःशी मोठ्यानं बोलत होते. एक बैलगाडीवाला वळून बघून गेला.

सुग्रीवनं रिकामा काटा सोडला नाही. सोडला नाही म्हणून लिहिलंही नाही. बाकीच्यांनी लिहिलं, सुई मधे होती. पण काटा जर सुट्टीतच बिघडला होता, तर रिकाम्या काट्याची सुई मधे उभी राहणारच कशी? म्हणजे मुकम्मल वह्या सगळ्या खोट्या, आणि जिच्यावर आपण लाल शाईनं नामुकम्मल लिहिलं तेवढी एकच खरी.

आणि आपण तरी काय केलं? देशमुखांसमोर रागाच्या भरात होतो. चांदी ठेवली, वजनं चढवली, मूठ फिरवली. वर्षानुवर्षं ज्या ओळीसाठी पोरांचे कान पिळले, ती आपणच गाळली. पोरानं गाळली ती आईच्या शब्दाखातर. आपण कशाखातर?

राहता राहिला डाग. जो पोरगा तुटक्या कडीचा दोरासुद्धा काढतो, मेंढराच्या कळपात एकेकाच्या कानाची खूण सांगतो, तो आकृतीवर शाई सांडेल? त्याचा डाग म्हणजे डाग नाही. त्याला तिथं काहीतरी दिसलं होतं. मग आपल्याला का दिसलं नाही?

धोंडीरामनं न बोलता खोली उघडून दिली आणि दारातच उभा राहिला. बद्रीनाथांनी काट्याकडं समोरून बघितलं, वरून बघितलं. काही नाही. मग त्यांना आठवलं, खोलीत बाकं कमी. सुग्रीव आकृती काढायला नेहमी जमिनीवर मांडी घालून बसतो, वही मांडीवर.

ते धोतर सावरून खाली बसले आणि मान वर केली.

उजव्या पारड्याच्या पोटाला, खालच्या बाजूनं, कुंकवाचा जाड टिळा होता. ओल्या कुंकवात हळदीच्या अक्षता दाबून बसवलेल्या, वाळून दगडासारख्या झालेल्या. कडेला झेंडूची एक पाकळी चिकटलेली.

खंडेनवमी. त्या दिवशी घरोघर नांगर, कोयते, करवती, जे ज्याचं पोट भरतं ते धुवून पुसून मांडतात आणि कुंकू लावतात.

हात नुसता लांब करायचा अवकाश होता, पण बद्रीनाथांनी टिळ्याला बोट लावलं नाही. हा टिळा कोणाचा ते त्यांना विचारावं लागलं नाही. असा जाड, अक्षता अंगठ्यानं दाबून बसवलेला टिळा ते लहानपणापासून दर दसऱ्याला स्वतःच्या कपाळावर बाळगत आले होते.

"धोंडीराम."

"जी."

"शपथ माझ्या मायनं घातली ना?"

धोंडीरामनं चौकट घट्ट धरली. "म्हातारी लई हातापाया पडली, मास्तरसायेब. म्हनली, सुताराची करवत पुजली, तुमच्या शाळेची घंटाबी तुमी पुजली, मंग माझ्या बद्रीचं हत्यार तेवढं उघडं कावून ठेवायचं? आन बद्रीला सांगू नगा, लई रागावतो."

घरी तुळजाबाई देवापाशी बसल्या होत्या. बद्रीनाथ समोर जाऊन बसले आणि काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत यानंच म्हातारी फुटली.

"मला कालच कळलं रे बद्री, तू सांगितलंस तवाच. दातखीळ बसली माझी. वरून लावला असता तर तुझ्या सामानाला लागला असता म्हनून खालून लावला. उजव्या अंगाला लावतेत म्हनून उजव्याला. एवढ्या-एवढ्या कुंकवाचं वजन भरतं व्हय रे?"

"त्या काट्यात भरतं, माय."

"मंग उद्या मी येते शाळेत. माझं मी सांगीन."

"लोक हसतील."

"हसू दे. त्या लेकराचं नाव कटण्यापेक्षा हसलेलं बरं." मग त्यांनी डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "तू हसशील का?"

बद्रीनाथांनी नकारार्थी मान हलवली. मग ते उठून उगाचच बाहेर ओसरीवर गेले. आईनं लपवलं, शिपायानं लपवलं, शिष्यानं लपवलं. तिघांपैकी एकालाही चोरी लपवायची नव्हती. तिघांनाही भीती बद्रीनाथांच्या तोंडाची.

६

शनिवारी काचेच्या खोलीत हमीदुद्दीन साहेब खुर्चीवर होते, देशमुख त्यांच्या शेजारी पागोटं सावरत. मोहन बापाच्या मागं, सुग्रीव भिंतीपाशी. दाराशी धोंडीराम आणि त्याच्या आडोशाला पदर घेतलेल्या तुळजाबाई.

"मास्तर, किती वेळ? मला मांजरसुंब्याला जायचंय," देशमुख म्हणाले.

"बसा. तुमच्याच चांदीचं काम हाय." बद्रीनाथांनी तुकडा हेडमास्तरांच्या हातात दिला. "साहेब, फिरवून बघा. कुठं कानस लागलेली दिसते का?"

हेडमास्तरांनी चष्मा पुसून बघितलं. "नहीं. पूरी काली है."

"म्हणजे कोणी खरवडली न्हाई. तरी कमी भरते. मोहन, रिकाम्या काट्याची सुई कुठं होती म्हणालास?"

"मधे," मोहन पुटपुटला.

बद्रीनाथांनी पेटी उघडली. दोन्ही पारडी रिकामी. मूठ फिरवली. दांडी सुटली आणि उजवं पारडं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली गेलं.

देशमुखांचं पागोटं सावरणं थांबलं.

"ही सुई मधे उभी हाय का, मोहन?" बद्रीनाथांनी पोराकडं न बघता विचारलं. मग चांदी उजवीकडं ठेवली आणि वजनं डावीकडं. स्वतःची शिस्त स्वतः मोडली. "साहेब, वाचा."

"अरे!" हमीदुद्दीन साहेब वाकले. "अब तो दो गुंज ज्यादा!"

"इकडं ठेवली की कमी, तिकडं ठेवली की जास्त. चांदी तीच हाय. उजवं पारडं दोन गुंजांनी जड झालंय. आणि ते कशानं जड झालंय हे ह्या शाळेत एकट्यालाच दिसलं." त्यांनी सुग्रीवची वही उघडून मेजावर ठेवली. "ज्याला मी शाईचा डाग म्हणून गबाळा ठरवलं, ते हे." आणि पारडं कडीतून काढून त्यांनी उलटं केलं.

लाल टिळा, पिवळ्या अक्षता, झेंडूची पाकळी.

"ये किसने किया?" हेडमास्तरांनी विचारलं.

बद्रीनाथांनी तोंड उघडायच्या आत तुळजाबाई धोंडीरामाला बाजूला सारून पुढं आल्या.

"म्या केलं, सायेब. खंडेनवमीला. माझ्या लेकाचं हत्यार हाय ते. त्याची रोजी त्याच्यावर चालते. ह्याला म्हाईत नव्हतं, ह्या धोंडीरामाला मीच शपथ घातलीती. काय सजा करायची ती मला करा, लेकराला सोडा."

 हमीदुद्दीन साहेब उठून उभे राहिले.

"अम्मा, हम भी नया कलम बिस्मिल्ला पढ के उठाते हैं," ते म्हणाले. दाढीत हसू मावत नव्हतं. "फर्क इतनाच है, हमारी दुआ का वजन नहीं भरता."

तुळजाबाईंना सगळं कळलं नाही, पण हसू कळलं, आणि त्या पदरात तोंड घालून रडल्या.

देशमुख उठले. "बरं, म्हातारीची चूक झाली. पोरांनी एकमेकांचं बघून लिवलं त्यात कुठं आभाळ कोसळलं?"

"तुमच्या पोरावर न्हाई कोसळलं," बद्रीनाथ म्हणाले. "ह्याच्यावर कोसळत होतं. तुम्ही हातानं ढकलत होतात, देशमुख. खोटं लिहिणारे पास, खरं लिहिणारा चोर. तुमची चांदी पुरी हाय, घेऊन जा. शाळा गोटा तोलंल, आणि दगडाची चोरी कोणी कोणावर घालत न्हाई."

देशमुखांनी हेडमास्तरांकडं बघितलं. हेडमास्तर खिडकीबाहेर बघत होते. देशमुखांनी चांदी उचलली आणि मोहनला हाक मारली. मोहन गेला नाही. भिंतीला चिकटून तो म्हणाला, "आबा, मला तोलायचं राहिलंय." बाप एकटाच गेला.

मग बद्रीनाथांनी त्या सगळ्या सुबक वह्यांवर लाल शाईनं नामुकम्मल लिहिलं. सुग्रीवची वही घेतली, आधीचा शब्द खोडला आणि त्या जागी मुकम्मल लिहायला टाक बुडवला.

"गुरुजी, लिवू नका," सुग्रीव म्हणाला. दोन दिवसांत त्यानं स्वतःहून उच्चारलेलं हे पहिलंच वाक्य. "अजून नामुकम्मलच हाय ते. रिकामा काटा बघायचा राहिलाय."

तुळजाबाईंनी पाण्यानं टिळा धुतला, पदरानं पारडं कोरडं केलं. एवढं हळुवार की जसं पोराचं तोंड पुसावं. बद्रीनाथांनी ते कडीला अडकवलं. सुग्रीव मेजापाशी आला. हात मुठीपर्यंत गेला आणि तिथं थांबला.  मागं आईचा शब्द होता, पुढं गुरुजी.

पूर्वीचे बद्रीनाथ असते तर म्हणाले असते, खुळचटा, फिरव की! ते शब्द जिभेवर आलेही.

"तू बाजूला हो," ते म्हणाले. "मी पाळण्यातून कधीच उतरलोय, माझी माय इथंच उभी हाय. मी सोडतो. तू फक्त सुई वाच."

त्यांनी मूठ फिरवली. दोन्ही पारडी रिकामी डोलली, इकडं, तिकडं, आणि हळूहळू निवांत झाली. सुग्रीव जमिनीवर मांडी घालून बसला होता, मान वर, डोळे सुईवर. मोहनही त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसला.

"मधी हाय, गुरुजी."

"मग लिही."

सुग्रीवनं वही मांडीवर घेतली आणि उजवीकडून डावीकडं, सावकाश, एक ओळ लिहिली. बद्रीनाथांनी ती वाचली. बाकी वर्गासारखी ती नव्हती. तिथं लिहिलं होतं, 'तोलण्याआधी रिकामा काटा गुरुजींनी सोडला. सुई मधे उभी राहिलेली मी पाहिली.'

त्यांनी वर मुकम्मल लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत ते बराच वेळ वहीवर वाकून राहिले, म्हणजे पोरांना त्यांचे डोळे दिसू नयेत.

"बद्री," मागून तुळजाबाई हळूच म्हणाल्या, "पुढल्या खंडेनवमीला?"

"पेटीला लाव, माय. दोन्ही बाजूंनी."